माशाच्या पोटातला रहिवासी दाखला



पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसले की आपटा मागे पडल्यावर जिते लागते. पेण तालुक्यातले हे गाव. पुढे हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आणि खाली धरमतरच्या खाडीकडे पसरलेला खारेपाट. या भागात मासळी ही सणावाराची चीज नाही, रोजच्या जेवणातली आहे. खाडीची बोय, निवट्या, तळ्यात वाढवलेला जिताडा आणि बाजारातून आलेली समुद्राची सुरमई, बांगडा, वाकटी.

अशा घरातला एक प्रसंग तुमच्याही ओळखीचा असेल. सूनबाई विळीवर मासा साफ करायला बसतात. पोट फाडून आतडी ओढतात, तो आतड्यावर घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी वेटोळी घातलेली बारीक पांढरी अळी दिसते. एक नाही, पाच-सात.

"अहो आई, हा मासा नासका निघाला! किडे आहेत पोटात. टाकून देऊ?"

"अगं थांब, टाकतेस काय! आधी कल्ले बघ. लाल आहेत ना? वास मारतोय का? नाही ना? मग नासका कसा? आतडी काढून टाक आणि दोन पाण्याने धू."

सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. माशी बसून नासक्या माशात पडते ती अळी निराळी आणि ही निराळी. ही अळी मासा समुद्रात जिवंत पोहत होता तेव्हाच त्याच्या पोटात राहायला आली. आपण ती नाक मुरडून टाकतो, पण जगात अशी माणसे आहेत की जी मुद्दाम शेकडो मासे फाडून अशा अळ्या मोजतात, वहीत लिहितात आणि त्यावरून मासा कोणत्या गावचा ते सांगतात. तलाठ्याकडे आपण रहिवासी दाखला मागतो ना, तसा दाखला मासा पोटात घेऊन फिरत असतो. तो वाचायचा कसा आणि वाचून आपल्याला काय लाभ, ते आज पाहू.

जनावर कुठे चरले?

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या जीवाला परोपजीवी म्हणतात. आंब्यावरचे बांडगूळ, बैलाच्या अंगावरचे गोचीड, माणसाच्या पोटातले जंत, सगळे या एकाच जातकुळीतले. यातल्या पुष्कळांची एक खोड असते. त्यांना एका घरात जन्म काढता येत नाही. एका प्राण्यात लहानपण, दुसऱ्यात तरुणपण आणि तिसऱ्यात म्हातारपण असा त्यांचा संसार असतो.

गुरांच्या यकृतात होणारा पानासारखा चपटा कृमी तुम्हाला ठाऊक असेल. त्याची अंडी शेणातून पाण्यात पडतात. तिथून पिल्लू गोगलगाईच्या पोटात शिरते, तिथून बाहेर पडून गवताच्या काडीला चिकटते आणि ते गवत गाईने खाल्ले की तिच्या यकृतात जाते. मधली गोगलगाय नसेल तर पुढचे सारे थांबले. म्हणून शेण तपासून त्यात या कृमीची अंडी दिसली, तर डॉक्टर मालकाला न विचारताही सांगू शकतो की हे जनावर पाणथळ, गोगलगाईंच्या जागी चरून आलेले आहे. माळावरच्या कोरड्या रानात चरणाऱ्या जनावराला ही बाधा सहसा होत नाही.

माशाचेही असेच. आतड्यावर वेटोळे घालून बसणाऱ्या अळ्यांत ॲनिसाकिस नावाच्या अळीचा नंबर वर लागतो. तिचे मोठे रूप देवमाशाच्या आणि गाद्याच्या, म्हणजे डॉल्फिनच्या, जठरात राहते. अंडी त्यांच्या विष्ठेतून समुद्रात पडतात. ती बारीक कोळंबीसारख्या जीवांच्या पोटात जातात, ते जीव लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा खातो आणि मोठ्या माशाला गादा गिळतो. झाला फेरा पूर्ण. दुसरी एक जात पट्टकृमीची आहे. तिचे मोठे रूप मुशी आणि पाकटाच्या आतड्यात असते, आणि लहान रूप सुरमईसारख्या माशात कोष करून वाट पाहत बसते, की कधी एखादी मुशी या सुरमईला खाईल आणि आपण घरी पोचू.

मग विचार करा. ज्या पाण्यात मुशी नाही, मधला बारीक जीव नाही, त्या पाण्यातल्या माशाला ही बाधा होणार कशी? प्रत्येक दर्याचे पाणी, खारटपणा, थंडावा आणि तिथली जीवसृष्टी वेगळी. म्हणून तिथल्या माशाच्या पोटातले भाडेकरूही वेगळे. रान तुडवून आलेल्या माणसाच्या धोतराला चिकटलेली कुसळे पाहून आपण ओळखतो की हा अमुक माळावरून आला. तसेच हे.

कानातला बिल्ला आणि पोटातला बिल्ला

तुम्ही म्हणाल, मासा कुठून कुठे जातो हे पाहायचे तर त्याला सरळ खूण का करू नये? आपल्या गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, त्यावर बारा आकडी नंबर असतो. तसा माशालाही मारावा.

मारतातही. पण त्यात अडचणी फार. आधी मासा जिवंत धरायचा, इजा न करता बिल्ला लावायचा, सोडायचा आणि पुन्हा तोच मासा कोणाच्या तरी जाळ्यात सापडण्याची वाट बघायची. हजारो सोडावे तेव्हा थोडे परत मिळतात. खोल पाण्यातला मासा तर वर ओढेपर्यंतच पोटातली हवेची पिशवी फुगून मरतो, त्याला बिल्ला लावून सोडणार कसे? पोटातल्या परोपजीवीची खूण मात्र निसर्गानेच लावून ठेवलेली असते. ती पाहायला मासा एकदाच धरला की पुरे, आणि बाजारातला मेलेला मासाही चालतो. फक्त तो कुठे पकडला, ते नक्की ठाऊक हवे.

ही युक्ती नवी नाही. १९३९ साली दोन ठिकाणी ती वापरल्याची नोंद आहे. रशियातल्या डोगेल आणि बिखोव्स्की यांनी कॅस्पियन समुद्रातल्या स्टर्जन माशांचे गट त्यांच्यावरच्या कृमींवरून वेगळे ओळखले. त्याच साली अमेरिकेत हेरिंग्टन, बिअर्स आणि फर्थ यांनी मेनच्या आखातातल्या खोल पाण्याच्या तांबड्या माशांवर असाच अभ्यास केला. त्या माशांच्या मांसात डोके रुतवून बसणारा एक जीव आहे. तो कोणत्या भागात जास्त आणि कोणत्या भागात कमी आढळतो, ते त्यांनी पाहिले. पण या विद्येचा खरा कस लागला तो पुढे एका मोठ्या तंट्यात.

समुद्रातल्या बांधाचा तंटा

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे ओढ्या-शेतांतून वळगणीचे मासे चढतात. सॅमन नावाचा मासा असाच, पण फार मोठा प्रवासी. आपला जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि वाढायला खाडीच्या आत, गोड्या पाण्याकडे येतो. सॅमनचे उलटे. तो नदीत जन्मतो. त्यातली सॉकाय नावाची जात साधारण एक-दोन वर्षे तळ्यात राहते, मग समुद्रात जाते, तिथे दोन-तीन वर्षे हजारो मैल फिरते आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येते.

उत्तर प्रशांत महासागराच्या एका काठाला अमेरिकेचा अलास्का आणि कॅनडा, दुसऱ्या काठाला रशियाचा कामचटका. दोन्हीकडच्या नद्यांतले सॅमन मधल्या समुद्रात एकत्र चरतात आणि तिथे जपानच्या बोटी जाळी टाकत. अमेरिका म्हणे, आमच्या नदीत जन्मलेला मासा तुम्ही वाटेतच पकडता, मग आमच्या नदीत परत येणार काय? अखेर १९५२ साली अमेरिका, कॅनडा आणि जपान यांनी करार केला. पश्चिम रेखांश १७५ अंशावर एक रेघ मानली आणि जपानने तिच्या पूर्वेला सॅमन धरायचा नाही असे ठरले. पण ही रेघ कागदावरची. माशांचे कळप खरोखर तिथेच वेगळे होतात का, याचा तपास शास्त्रज्ञांनी करावा, असेही करारात ठरले.

शेताचा बांध कोरला गेला तर आपण जुन्या खुणेचा दगड शोधतो. समुद्रात दगड कुठला? कॅनडातल्या नानायमो इथल्या संशोधन केंद्रात लिओ मार्गोलिस नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी तो दगड माशाच्या पोटात शोधला.

अलास्काच्या ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या तळ्यांत पाइक नावाचा एक शिकारी मासा असतो. त्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. त्याची पिल्ले पाण्यातल्या बारीक जीवांतून लहान सॅमनच्या मांसात जाऊन कोष करून बसतात. कामचटकाच्या सॅमनमध्ये ही खूण नव्हती. तिकडच्या माशांच्या आतड्यात एक वेगळाच गोल कृमी होता. दोन्ही कृमी गोड्या पाण्यातच लागतात, समुद्रात लागत नाहीत. आणि एकदा लागले की मासा समुद्रात गेला तरी त्याच्यासोबत जातात.

मग काय! भर समुद्रात, जिथे कोणताच काठ दिसत नाही, तिथे पकडलेला सॅमन फाडून पाहायचा. पट्टकृमी निघाला तर तो अलास्काचा, गोल कृमी निघाला तर कामचटकाचा. १९६३ साली मार्गोलिस यांनी हा सारा हिशेब छापला. त्यातून दिसले की अलास्काचे मासे रेघेच्या पश्चिमेलाही दूरवर चरायला जातात. म्हणजे रेघ दोन कळपांना नीट वेगळे करत नव्हती. जो किडा पाहून माणूस ताट बाजूला सारतो, त्याने तीन देशांच्या कारभाऱ्यांपुढे साक्ष दिली.

कोणती साक्ष खरी धरावी?

प्रत्येक साक्षीदार विश्वासाचा नसतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको. परोपजीवींचेही तसेच आहे. झ्बिग्निएव्ह काबाता नावाचे एक शास्त्रज्ञ होते. मूळचे पोलंडचे. महायुद्धानंतर ते ब्रिटनमध्ये आले, काही काळ खोल समुद्रातल्या मासेमारी बोटीवर राबले आणि मग शिकून या विषयातले जाणते झाले. उत्तर समुद्रातल्या व्हायटिंग माशाच्या पित्ताशयात राहणारे सूक्ष्म जीव पाहून त्यांनी उत्तरेचे आणि दक्षिणेचे कळप वेगळे असल्याचे दाखवले. त्यांनी आणि इतरांनी चांगल्या साक्षीदाराच्या कसोट्या सांगून ठेवल्या आहेत. त्या सोप्या शब्दांत अशा:

पहिली, ती बाधा एका भागात पुष्कळ आणि दुसऱ्या भागात फार थोडी किंवा मुळीच नसावी. सगळीकडे सारखीच असेल तर तिच्यावरून गाव ओळखता येणार नाही.

दुसरी, परोपजीवी माशाच्या अंगात दीर्घकाळ टिकावा. आज लागला आणि महिन्याने गळून गेला, तर मासा मागच्या वर्षी कुठे होता ते कसे कळणार?

तिसरी, त्याने माशाला मारू नये की त्याची चाल बदलू नये. आजारी मासा कळपाबरोबर फिरत नाही.

चौथी, बाधेचे प्रमाण वर्षानुवर्षे साधारण सारखे राहावे, आणि ती ओळखायला सोपी असावी.

शिवाय तुलना करताना एकाच वयाचे मासे घ्यावे लागतात. मासा जितका म्हातारा, तितके त्याने जास्त खाल्लेले आणि तितक्या अळ्या जास्त साठलेल्या. इकडचे पोर आणि तिकडचा म्हातारा शेजारी उभे करून 'हे दोन गावचे' म्हणणे चूक होईल. म्हणून शास्त्रज्ञ एकट्या अळीवर भिस्त ठेवत नाहीत. माशाच्या शरीराची मापे, त्याचे आनुवंशिक गुण आणि डोक्यातला खडा हेही पाहतात. घोळीच्या, ढोम्याच्या डोक्यात पांढरे खडे निघतात ते तुम्ही पाहिले असतील. झाडाच्या खोडासारखी त्यांतही वाढीची वलये असतात. चार साक्षी जुळल्या की निकाल पक्का.

आपल्या सुरमईचे काय?

आता हा विषय आपल्या ताटाजवळ आणू. सुरमई आपल्या किनाऱ्यापासून थेट इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते. ताकदीचा, लांब पोहणारा मासा. वाटे की हा एवढा फिरतो, तर सगळीकडचा कळप एकच असणार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे लेस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी सुरमईतल्या कृमी मोजायला घेतल्या. मुशी-पाकटांकडून येणारे पट्टकृमी आणि वर सांगितलेल्या वेटोळ्याच्या अळ्या हेच त्यांचे साक्षीदार. २००३ साली छापलेल्या अभ्यासात निघाले की उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात निदान सहा वेगळे गट दिसतात आणि इंडोनेशियातल्या कुपांगची सुरमई ऑस्ट्रेलियाच्या सुरमईत मिसळत असल्याची खूण नाही. लांब पोहण्याची ताकद असूनही बरीच सुरमई आपला परिसर फारसा सोडत नाही.

याचा अर्थ शेतकऱ्याला चटकन कळेल. समजा, दोन शेजाऱ्यांचे दोन पंप आहेत. दोन्ही एकाच विहिरीवर असतील, तर एकाने रात्रंदिवस उपसा केला की दुसऱ्याचे पीक वाळते, आणि दोघांनी मिळून पाळी ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. पण दोन विहिरी वेगळ्या असतील, तर ज्याची विहीर आटली त्याची आटली. शेजारच्या विहिरीत कितीही पाणी असले तरी ते झिरपून याच्याकडे येणार नाही. माशांच्या कळपाचे हेच गणित आहे. एकच कळप दोन राज्यांच्या बोटी धरत असतील, तर एकट्याने बंदी पाळून भागत नाही. आणि कळप वेगळा असेल, तर 'इथला संपला तरी दुसरीकडून येईल' ही आशा फोल. म्हणून आधी विचारायचे ते हे, की विहीर एक की दोन?

आपल्याकडे हा प्रश्न कोरडा नाही. बोंबील पाहा. तो गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरपूर, पुढे दक्षिणेला विरळ होत जातो, आणि मग एकदम पलीकडे बंगाल-ओडिशाच्या बाजूला पुन्हा भेटतो. पापलेटला महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा केले. त्याच साली ५४ जातींच्या माशांची कमीत कमी मापे ठरवली, की त्याहून लहान मासा धरू नये. पण पापलेटचा थवा राज्याची हद्द ओळखत नाही. गुजरातची आणि आपली बोट एकाच विहिरीवरचे दोन पंप आहेत की काय, हे ठरवायला अशा साऱ्या साक्षी उपयोगी पडतात. विशाखापट्टणमला आर. माधवी आणि टी. त्रिवेणी लक्ष्मी यांनी तिथल्या बांगड्यातल्या परोपजीवींची यादी २०११ साली छापली. बंगालच्या उपसागराच्या बांगड्याशेजारी आपल्या कोकणचा बांगडा मांडून पाहायचा, तर अशा याद्याच पाया ठरतात. घरातली कोणी मुले-मुली विज्ञान किंवा मत्स्यशास्त्र शिकत असतील, तर त्यांना हा विषय जरूर सांगा. यासाठी सूक्ष्मदर्शक, सुरी, वही आणि चिकाटी लागते. आणि मासा साफ करायला लाजू नये.

घरच्यासाठी चार गोष्टी

आता सूनबाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मासा खावा की नाही?

खावा, पण नीट. मासा घरी आणल्यावर ताबडतोब पोट साफ करा. मासा मेल्यावर काही अळ्या आतड्यातून मांसात शिरतात, म्हणून आतडीसकट तो तासन् तास ठेवू नका. पोटाजवळचा भाग उजेडात धरून पाहा आणि अळी दिसली तर सुरीच्या टोकाने काढून टाका.

मासा आतपर्यंत शिजू द्या. साठ अंशांच्या वर उष्णता तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचली की ही अळी मरते. उकळी आलेल्या कालवणात हे सहज साधते. जाड तुकडा मोठ्या आचेवर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून तळताना आच मध्यम ठेवा. नुसते मीठ, लिंबू, आगळ लावून ठेवल्याने अळी मरतेच असे धरून चालू नये. जिथे कच्चा मासा खातात तिथे जिवंत अळी माणसाच्या जठराला चावून पोटात भयंकर कळा येतात. आपली शिजवून खाण्याची रीत या बाबतीत शहाणी आहे.

काही थोड्या लोकांना शिजवलेल्या अळीनेही अंगावर गांधी उठतात. असे वारंवार होत असेल तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवा, आणि कोणता मासा खाल्ला तेही सांगा.

कच्ची आतडी मांजरा-कुत्र्यांपुढे टाकू नका. नारळाच्या आळ्यात खोल खड्डा करून पुरा. माडाला खत होते आणि अंगणात माश्या होत नाहीत.

आणि पुढच्या वेळी विळीवर बसाल तेव्हा आतडी पुरण्याआधी पोरांना एकदा हाक मारा. वेटोळे घातलेली ती पांढरी अळी त्यांना दाखवा आणि विचारा, ही माशाच्या पोटात आली कुठून? गाद्यापासून कोळंबीपर्यंतचा सारा फेरा त्यांना सांगता आला, तर शाळेच्या पुस्तकातला एक धडा घरच्या विळीवरच झाला म्हणायचा.